बोलायचं कुणी?

संस्थेत काही विपरीत घडलं आणि दारात पत्रकार येऊन उभे राहिले, की सगळ्यांत आधी नाहीसा होतो तो ज्याला सगळं माहीत असतं तो माणूस. साहेब मीटिंगमध्ये असतात. मॅनेजर साइटवर गेलेले असतात. पीआरओ असलाच तर त्याला काही माहीत नसतं, कारण त्याला कुणी काही सांगितलेलंच नसतं. उरतो गेटवरचा वॉचमन. संध्याकाळच्या बातम्यांत कॅमेऱ्यावर आडवा हात धरणारा तो वॉचमन दिसतो आणि लोकांच्या लेखी तीच त्या संस्थेची भूमिका ठरते.

हे मी गेटच्या बाहेरून पुष्कळ वर्षं पाहिलं. आधी सांगलीत दैनिकासाठी आणि मग वृत्तवाहिन्यांसाठी पश्चिम महाराष्ट्रात बातमीदारी केली. आता गेटच्या आत बसते. नागरी सहकारी बँका, साखर कारखाने, ट्रस्टची रुग्णालयं, शिक्षणसंस्था यांच्या माणसांना पत्रकारांशी कसं बोलावं ते शिकवते. या कामाला सगळे ‘मीडिया ट्रेनिंग’च म्हणतात. जुने सहकारी भेटले की टोमणा मारतात, ‘म्हणजे आता तू लपवायला शिकवतेस!’ टोमण्यात तथ्य आहे, त्याकडे येईनच. पण माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक संस्थांना लपवायचं काही नसतं. असलेलं धड सांगता येत नाही, एवढीच त्यांची अडचण असते.

गेटच्या आतल्या लोकांना ठाऊक नसतं की बातमीदार त्यांच्यासाठी थांबू शकत नाही. त्याच्या खिशातला फोन दर पंधरा मिनिटांनी वाजत असतो. असाइनमेंट डेस्क विचारतो, ‘बाइट मिळाला का?’ दोनतीनदा ‘नाही’ म्हणता येतं, मग जो बोलेल त्याचा बाइट घ्यावा लागतो. रुग्णालयाबाहेर मृताचा भाऊ बोलतो, बँकेबाहेर रांगेतला ठेवीदार बोलतो, कारखान्याबाहेर तर विरोधी पॅनेलचा उमेदवार इस्त्रीचे कपडे घालून तयारच असतो. यातला प्रत्येक जण खरं बोलत असेलही, पण त्याला दिसलं तेवढंच. बातमीच्या शेवटी एक ओळ येते: ‘संस्थेशी संपर्क होऊ शकला नाही.’ वाचणारा ती ओळ कशी वाचतो ते सांगायला नको. दुसऱ्या दिवशी लेटरहेडवर दोन पानी खुलासा निघतो, ‘आपल्या लोकप्रिय दैनिकात’ वगैरे सुरुवात असलेला. वरातीमागून घोडं. तो छापून आलाच तर आतल्या पानावर, तळाच्या कोपऱ्यात, चार ओळींत.

मूग गिळून बसणं काही कंपन्यांना तर आता नियमानेच बंद झालंय. शेअर बाजारातल्या बाजारमूल्यानुसार पहिल्या १०० कंपन्यांना १ जून २०२४ पासून आणि पहिल्या २५० कंपन्यांना १ डिसेंबर २०२४ पासून ‘सेबी’चा एक नियम लागू आहे. प्रमुख माध्यमांत कंपनीविषयी एखादी ठोस अफवा आली आणि तिच्यामुळे शेअरचा भाव लक्षणीय हलला, तर २४ तासांत दुजोरा द्यायचा, इन्कार करायचा किंवा स्पष्टीकरण द्यायचं. ‘यावर आम्ही भाष्य करत नाही’ ही पळवाट तिथे बुजली. आमच्या तालुक्याच्या बँकेला हा नियम लागू नाही. पण शेअरचा भाव निदान दुपारी साडेतीनला थांबतो, ठेवीदाराच्या भीतीला बाजार बंद होण्याची वेळ नसते. व्हॉट्सॲपवर रात्री अकराला आलेल्या निरोपाने सकाळी नऊला शटरसमोर रांग लागते.

माझ्या वर्गात पहिलं उदाहरण असतं कॅडबरीचं. ते मुद्दाम घेते, कारण ते आपल्याच राज्यात घडलं आणि चॉकलेट समोरच्या प्रत्येकाच्या घरात असतं.

ऑक्टोबर २००३. दिवाळी तोंडावर आलेली. मुंबईत डेअरी मिल्कच्या वड्यांत अळ्या सापडल्याच्या तक्रारी आल्या आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, कारवाई सुरू केली. भेट म्हणून चॉकलेटचे डबे वाटायची पद्धत तोवर शहरांत चांगलीच रुळली होती, म्हणजे कंपनीचा ऐन धंद्याचा हंगाम. कंपनीचं पहिलं म्हणणं असं होतं, की कारखान्यात अळी होणं शक्य नाही, दुकानांत माल नीट साठवला गेला नसेल. शास्त्राच्या दृष्टीने हे अगदी बरोबर असेल. पण एफडीएने उलट विचारलं: साठवणुकीत अळ्या शिरल्या म्हणता, मग वेष्टन हवाबंद होतं का?

इथे मी वर्गाला थांबवते आणि विचारते, कंपनीच्या पहिल्या उत्तरात काय चुकलं? हुशार माणसं म्हणतात, ‘माफी मागायला हवी होती.’ त्याहून हुशार म्हणतात, ‘दुकानदारावर ढकललं.’ दोन्ही खरं. ज्याच्या काउंटरवर माल विकायचा त्याच्यावरच बोट दाखवलं, आणि ते पाहणाऱ्या आईच्या मनात एकच प्रश्न होता: काल पोराने खाल्लं त्याचं काय? त्या प्रश्नाला उत्तरच नव्हतं. पण मला यापुढचं विचारायचं असतं. वेष्टन बदलू, असं पहिल्याच दिवशी कुणी का म्हणालं नाही?

कारण ते तोवर ठरलंच नव्हतं. पुढे कंपनीने ‘प्रोजेक्ट विश्वास’ नावाची मोहीम काढली, माल कसा साठवायचा ते दुकानदारांना शिकवलं, तपासण्या वाढवल्या. जानेवारी २००४ मध्ये नवं वेष्टन आणलं, आत उष्णतेने सील केलेली ॲल्युमिनियमची फॉइल आणि तिच्यावर बंद पाकीट. जाहिरातीत अमिताभ बच्चन आले. लोकांना आठवतात ते बच्चन. माझ्या मते कंपनीला तारलं त्या फॉइलने. ऑक्टोबरमध्ये कॅमेऱ्यासमोर बसलेल्या माणसाला जगातला कुठलाही प्रशिक्षक मिळाला असता तरी, जे ठरलेलंच नाही ते तो सांगणार कसा?

बारा वर्षांनी मॅगीचं झालं तेही बघण्यासारखं आहे. उत्तर प्रदेशातल्या नमुन्यात प्रमाणाबाहेर शिसं सापडल्याच्या बातम्या मे २०१५ मध्ये देशभर पसरल्या. आमचं उत्पादन सुरक्षित आहे, असं नेस्ले म्हणत राहिली. पण लेखी, त्रोटक आणि बिनचेहऱ्याने. कंपनीचे जागतिक प्रमुख पॉल बुल्के स्वतः दिल्लीत पत्रकारांसमोर आले ५ जूनला. म्हणजे केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने विक्रीवर बंदी आणली त्याच दिवशी. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली, तीन मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत नव्याने चाचण्या झाल्या, त्या पार पडल्या आणि नोव्हेंबरमध्ये मॅगी दुकानांत परतली. कोर्टात जिंकूनही एप्रिल ते जून या तिमाहीत नेस्ले इंडियाने ६४ कोटी रुपयांचा तोटा दाखवला आणि हजारो टन नूडल्स नष्ट केल्या. बंदी आली ती काही फक्त न बोलल्यामुळे आली असं मी म्हणणार नाही. पण ते मधले दिवस टीव्हीवर कोण बोलत होतं ते आठवून पाहा. कंपनी सोडून सगळे.

म्हणून माझ्या शिकवणीचा पहिला अर्धा दिवस कॅमेरा पेटीतच असतो. दार लावून घ्यायचं, निर्णय घेणारी माणसं समोर बसवायची आणि साधे प्रश्न विचारायचे. रात्री दोनला आग लागली तर पहिला फोन कुणाला जातो? त्याने उचलला नाही तर? सीसीटीव्हीचा पासवर्ड कुणाकडे आहे? दुर्घटनेत कामगार गेला तर त्याच्या घरी कोण जाणार, बातमी टीव्हीवर येण्याआधी? पत्रकारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहायचा अधिकार कुणाला, आणि त्यासाठी किती जणांची सही लागते? शेवटच्या प्रश्नावर नेहमी हशा होतो. त्या हशातूनच कळतं, की प्रेस नोट चेअरमन, व्हाइस चेअरमन, सीईओ आणि कायदा सल्लागार अशा चौघांच्या हाताखालून जाते आणि बाहेर पडेस्तोवर बातमी शिळी झालेली असते.

एका बँकेत मी संचालकांना विचारलं, ‘तुमच्याकडे ठेव ठेवली आणि उद्या बँक बुडाली, तर ठेवीदाराला विम्यातून किती मिळणार?’ एक जण म्हणाला एक लाख, दुसरा म्हणाला सगळेच, तिसरे चहाच्या कपाकडे बघत राहिले. फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा एका लाखाची पाच लाख झाली आहे, मुद्दल आणि व्याज मिळून, एका बँकेत एका ठेवीदाराला. अफवेच्या दिवशी काउंटरवर उभ्या राहिलेल्या प्रत्येकाला हेच ऐकायचं असतं. तो आकडा सांगता येत नसेल तर आवाजातला आत्मविश्वास काय कामाचा?

कॅमेरा निघतो तो जेवणानंतर. फिरती खुर्ची आधी बाहेर काढायची, कारण घाबरलेला माणूस नकळत डावीउजवीकडे झुलतो आणि पडद्यावर तो खोटं बोलतोय असंच वाटतं. मग दिवा, मग बूम. बूम म्हणजे वाहिनीचं चिन्ह लावलेला तो हातातला माइक. तो हनुवटीखाली वीतभर अंतरावर आला की भल्याभल्यांचा आवाज बदलतो. चार बूम एकदम पुढे आले की काय होतं ते कळावं म्हणून मी शिपाई, ड्रायव्हर, कारकून यांच्या हातात माइक देऊन त्यांना पत्रकार करते. त्यांना हे काम मनापासून आवडतं. साहेबांना प्रश्न विचारायची संधी एरवी कुठे मिळते?

त्याच बँकेचे चेअरमनसाहेब वार्षिक सभेत हातात कागद न घेता तासभर बोलणारे. मी विचारलं, ‘साहेब, लोकांच्या ठेवी सुरक्षित आहेत का?’ साहेबांनी संस्थापकांच्या त्यागापासून सुरुवात केली. मग सहकारमहर्षी झाले, मग स्थापनेच्या वेळचं भाग भांडवल, मग ऑडिटमधला ‘अ’ वर्ग. ‘ठेवी सुरक्षित आहेत’ हे वाक्य दीड मिनिटाने आलं. टीव्हीवरच्या बातमीत माणसाला मिळतात पंधरा-वीस सेकंद, म्हणजे बोलण्याच्या वेगाने चाळीस-पन्नास शब्द. व्हिडिओ एडिटर त्या दीड मिनिटातून कुठला तुकडा उचलेल हे साहेबांच्या हातात नसतं. पहिल्या वाक्यात उत्तर, दुसऱ्यात आधार, तिसऱ्यात पुढे काय करणार ते. इतिहास सांगायचा असेल तर स्मरणिका काढा.

दुसऱ्या खेपेला साहेब छान बोलले. नेटकं, मुद्द्याचं. मी बूम तिथेच धरून ठेवला आणि नुसती हसले. काही बोलले नाही. दोन-तीन सेकंद गेले. ती शांतता साहेबांना सोसेना. ते म्हणाले, ‘तसं वसुलीचं थोडं टेन्शन आहे, पण ते काय सगळ्याच बँकांना असतंय.’ मी कॅमेरा बंद केला आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘वसुलीचं टेन्शन आहे: चेअरमन.’ सगळे हसले, साहेबही हसले, मग एकदम गप्प झाले.

‘अहो मॅडम, ते मी आपलं असंच बोललो.’

‘साहेब, असंच बोललेलंच छापून येतं.’

ही युक्ती मी बातमीदार असताना सर्रास वापरली आहे. प्रत्येक बातमीदार वापरतो, त्यात गैर काही नाही. उत्तर संपलं की थांबायचं, शांतता आपण भरायची नाही, समोरच्याला भरू द्यायची, एवढं एक जमलं तरी निम्मे घोटाळे टळतात. दुसरं म्हणजे प्रश्नातला विखारी शब्द आपल्या तोंडून वदवला जाऊ द्यायचा नाही. ‘बँक बुडणार का हो?’ असं विचारलं की साधा माणूस तळमळून सांगतो, ‘नाही नाही, बँक बुडणार नाही!’ मथळा तयार: ‘बँक बुडणार नाही, अध्यक्षांचा दावा.’ सकाळी तो वाचणाऱ्याला त्यातला एकच शब्द दिसतो. त्यापेक्षा सांगा, आज सगळ्या शाखा वेळेवर उघडल्या, मागेल त्याला पैसे दिले, आणि दुपारी चारला आजचे आकडे देतो. मात्र हे सगळं खरं असायला हवं, आणि चारला चार म्हणजे चारच वाजायला हवेत.

तिसरं, माइक. शर्टला लावलेला छोटा माइक काढेपर्यंत चालू असतो हे माहीत नसलेला माणूस नाही, आणि विसरत नाही असाही नाही. ब्रिटनचे पंतप्रधान गॉर्डन ब्राउन एप्रिल २०१० मध्ये निवडणूक प्रचारात रॉचडेलला एका मतदार बाईंशी हसतमुखाने बोलले, गाडीत बसले आणि त्या बाईंबद्दल सहकाऱ्याजवळ वाईटसाईट बोलले. स्काय न्यूजचा माइक कॉलरवर तसाच होता. त्याच दिवशी त्यांना त्या बाईंच्या घरी जाऊन माफी मागावी लागली.

महाराष्ट्रात बोलणाऱ्याला आणखी एक घाट चढावा लागतो. मराठीत सगळं नीट सांगून झालं की मागून आवाज येतो, ‘सर, एक बार हिंदी में.’ दमलेला, सुटकेचा श्वास टाकलेला माणूस आता अशा भाषेत बोलू लागतो जी त्याला मुख्यतः सिनेमातून येते. आमच्या तासगावचे आर. आर. आबा हे सभेत माणसं धरून ठेवणारे वक्ते. ग्रामविकास मंत्री असताना ग्रामस्वच्छता अभियानाची भाषा त्यांनी गावोगाव पोचवली. २६/११ नंतर उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री म्हणून बोलताना त्यांनी हिंदीत, मोठ्या शहरांत असे एखाददुसरे प्रकार होतच असतात, अशा अर्थाचं वाक्य उच्चारलं. ऐकणाऱ्यांना सिनेमातला गाजलेला संवाद आठवला. दीडशेहून अधिक माणसं गेलेली, शहर सुन्न झालेलं. १ डिसेंबर २००८ रोजी आबांनी राजीनामा दिला. मराठीत बोलताना ते वाक्य त्यांच्या तोंडून निघालं असतं असं मला वाटत नाही. वर्षभरातच ते पुन्हा गृहमंत्री झाले, पण ते वाक्य काही त्यांना सोडून गेलं नाही. म्हणून मी हिंदी बाइटचा वेगळा सराव घेते, आणि ज्याला हिंदी जमत नाही त्याला सांगते, सरळ मराठीतच बोला. वाहिन्या खाली पट्टी लावतात, त्यांचं काही अडत नाही.

आपण कुणाविषयी बोलतोय हे विसरलं की काय होतं, त्याचं जगभर शिकवलं जाणारं उदाहरण बीपी या तेल कंपनीचं. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात त्यांच्या विहिरीवरच्या ‘डीपवॉटर होरायझन’ या फलाटावर स्फोट झाला, ११ कामगार गेले, समुद्रात तेल वाहत राहिलं. महिन्याभराने कंपनीचे प्रमुख टोनी हेवर्ड किनाऱ्यावर माफी मागता मागता बोलून गेले, की हे सगळं संपून माझं आयुष्य मला परत मिळावं असं मलाही वाटतं. दमलेला माणूस बोलला, खरंच बोलला असेल. पण ११ घरांना त्यांचं माणूस परत मिळणार नव्हतं. ऑक्टोबरमध्ये हेवर्ड यांच्या जागी दुसरे प्रमुख आले.

आपल्याकडची तऱ्हा वेगळी. आपण भावना दाखवत नाही, परिपत्रक वाचतो. ‘सदर घटना अत्यंत दुर्दैवी असून चौकशी समिती नेमण्यात आली आहे, दोषींची गय केली जाणार नाही.’ हे वाक्य मी इतक्या ठिकाणी लिहून घेतलंय की झोपेतही म्हणेन. यात कुणी काही केलं नाही, सगळं आपोआप ‘नेमण्यात’ आणि ‘करण्यात’ आलं. समितीत कोण, अहवाल कधी, तोवर वॉर्ड चालू की बंद, हे विचारलं की साहेब घड्याळ बघतात.

डॉक्टरांना शिकवणं सर्वांत अवघड आणि सर्वांत समाधानाचं. त्यांची अडचण खरी असते. रुग्णाची माहिती उघड करायची नाही, नातेवाइकांच्या आधी पत्रकारांना काही सांगायचं नाही, शवविच्छेदनाआधी कारण सांगायचं नाही. सरकारी डॉक्टर असेल तर १९७९ च्या वर्तणूक नियमांचा धाक डोक्यावर. पण ‘मला परवानगी नाही’ एवढंच म्हणून आत निघून जाण्यापेक्षा, ‘जिल्हा शल्यचिकित्सक बोलतील, पाच वाजता, याच पोर्चमध्ये’ असं सांगता येतं. पाच वाजेपर्यंत बाहेरची गर्दी निम्मी शांत होते, हे मी पाहिलेलं आहे. आणि दाखवायला मी कोविडच्या काळातल्या पत्रकार परिषदा लावते. एप्रिल २०२० मध्ये दिल्लीच्या रोजच्या ब्रीफिंगमध्ये आयसीएमआरतर्फे डॉ. रमण गंगाखेडकर बसत. साथीच्या रोगांच्या विभागाचे प्रमुख, वर्षानुवर्षं एचआयव्हीवर काम केलेले. प्रश्न पूर्ण ऐकून घ्यायचे, चाचणी कुठली आणि ती काय सांगू शकते, काय नाही, हे शाळामास्तरांसारखं उलगडायचे. त्यांच्या सगळ्याच म्हणण्याशी सगळे तज्ज्ञ सहमत होते असं नाही. पण घाबरलेला माणूस टीव्हीसमोर बसून ते ऐकू शकत होता.

शाळांच्या बाबतीत मी आधी कायदा वाचून दाखवते, मग बाकीचं. मुलावर अत्याचाराची तक्रार असेल तर ‘पोक्सो’ कायद्याच्या कलम २३ प्रमाणे माध्यमांना मुलाचं नाव, पत्ता, फोटो, कुटुंबाचा तपशील, इतकंच काय शाळा आणि परिसर यांवरूनही ओळख पटेल असं काही देता येत नाही. शाळेची बाजू मांडायच्या उत्साहात मुख्याध्यापक ‘ती मुलगी तर आमच्या चौथी ब मधली’ असं बोलून जातात, तेव्हा शाळेची बाजू राहते बाजूला आणि पोरीची वाट लागते. तिथे थोडं बोलणं म्हणजेच नीट बोलणं.

आता तो टोमणा. लपवायला शिकवणं होतं का? होतं, या धंद्यात पुष्कळ होतं. ‘प्रश्न काहीही येवो, आपल्या मुद्द्यावर या’ ही युक्ती जगभर शिकवली जाते. प्रमाणात ती ठीक आहे. प्रश्न भरकटला असेल तर ‘पण मुख्य गोष्ट अशी’ म्हणून वळवता येतं. मात्र सरळ प्रश्नाला तीनदा वळण दिलं की घरी वरण-भात खाणाऱ्या माणसालाही कळतं, हा टाळतोय. राजकीय चर्चांमध्ये प्रवक्त्यांनी ही युक्ती इतकी झिजवलीय की आता ती वापरणाऱ्यावर लगेच संशय येतो. माझ्याकडे कधी कधी फोन येतो, ‘मॅडम, अवघड प्रश्न कसे टाळायचे तेवढंच शिकवा, अर्ध्या दिवसात.’ मी विचारते, प्रश्न कुठला? पलीकडे जरा वेळ काही ऐकू आलं नाही की मला उत्तर मिळालेलं असतं आणि त्या तारखेला मी दुसरीकडे असते.

कारण प्रशिक्षणाने फार तर खरं नीट सांगता येतं. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर, म्हणजे पीएमसीवर, रिझर्व्ह बँकेने २३ सप्टेंबर २०१९ रोजी निर्बंध घातले. खात्यातून काढता येणारी रक्कम सुरुवातीला अवघी हजार रुपये. बँकेच्या व्यवस्थापकीय संचालकांनी ठेवीदारांना निरोप पाठवून जबाबदारी स्वीकारली, दिलगिरी व्यक्त केली. शब्दांत खोट काढण्यासारखं फार काही नव्हतं. पण एकूण कर्जापैकी सत्तर टक्क्यांहून अधिक कर्ज एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे अडकलेलं आणि ते लपवून ठेवलेलं, हे काही दिवसांतच बाहेर आलं. त्या निरोपाचं पुढे काय राहिलं? ठेवीदार मुंबईच्या रस्त्यावर उभे होते आणि पुढची दोन वर्षं उभे राहिले.

लहान संस्थांना वाटतं हे सगळं मोठ्या कंपन्यांचं खूळ आहे. उलट आहे. मोठ्या कंपनीकडे वकील, पीआर एजन्सी, जाहिरातीचा पैसा असतो, एक वाईट आठवडा ती पचवते. चार शाखांच्या पतसंस्थेला एक वाईट दुपार पुरते. तिला माझी गरज असेलच असं नाही. मोबाइल स्टँडला लावून, आपल्यातल्याच खडूस माणसाला पत्रकार करून, वर्षातून दोनदा सराव केला तरी खूप. एक कागद भिंतीवर लावायचा: बोलणाऱ्याचं नाव, तो नसेल तर कोण, दोघांचे नंबर. आणि ते नंबर गावातल्या बातमीदारांना काही घडायच्या आधीच देऊन ठेवायचे, दिवाळीच्या फराळाच्या वेळी म्हणा हवं तर. आगीच्या दिवशी ओळख करून घ्यायला कुणाला सवड नसते.

आता चेअरमनसाहेबांच्या बँकेचं काय झालं ते. सराव संपल्यावर प्रवक्ता ठरवायचा होता. तो आपणच, हे साहेबांनी गृहीत धरलं होतं. बाकीच्यांनीही धरलं होतं. मी सगळ्यांचं चित्रण एकामागून एक लावलं, आवाज चालू ठेवून, कुणाचं नाव न घेता. मुख्य शाखेत काउंटरच्या मागे पासबुकं भरणाऱ्या एक ताई होत्या, त्यांना मी फक्त जागा भरायला म्हणून खुर्चीत बसवलं होतं. ‘ठेवी सुरक्षित आहेत का?’ या प्रश्नावर त्या म्हणाल्या होत्या, ‘माझ्या आईचे पैसे इथेच आहेत. पाच लाखांपर्यंत विमा आहे. तुमची मुदत संपली असेल तर आत्ता या, आत्ता देते.’ कुणी शिकवलं नव्हतं. रोज शेकडो लोकांना त्या हेच सांगत आल्या होत्या, काचेच्या भोकातून.

संचालकांत खुसपुस झाली. एक जण म्हणाला, क्लार्कला टीव्हीवर पाठवलं तर लोक काय म्हणतील? सीईओ म्हणाले, लोक तिला ओळखतात, तुम्हाला नाही. बराच खल झाला. शेवटी ताई पहिला प्रवक्ता, सीईओ दुसरे, आणि रिझर्व्ह बँक किंवा कोर्टाचा विषय असेल तर फक्त सीईओ, असं ठरून ठराव झाला. ताईंना त्या दिवसापासून एक फोन मिळाला आणि संचालक मंडळाच्या बैठकीत बसायची मुभा, कारण आत काय ठरतंय हे कळल्याशिवाय त्या बाहेर काय बोलणार? साहेबांनी सही केली, पेनाचं टोपण लावलं आणि विचारलं, ‘पण मॅडम, प्रेस नोटवर फोटो माझाच राहील ना?’

राहील म्हटलं.